बपेऱ्याची गाणारी जीप

बपेऱ्याहून निघालेली भाऊंची जीप सिहोऱ्याला पोचायच्या कितीतरी आधी तिचं गाणं पोचायचं. मी तिथल्या माझ्या घराच्या ओट्यावर उभी राहून चहा घेत असे. आधी धानाच्या बांध्यांच्या पलीकडून नुसता ठोका ऐकू येई, मग चाल, मग शब्द. शब्द कळायला लागले की मी कप खाली ठेवून चपला घालायची. तुमसरच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. एसटी कधी येई, कधी येत नसे. जीप मात्र चुकली नाही. सात-आठ वर्षं मी तिच्यातून जाणं-येणं केलं.

जीप त्यांची स्वतःची होती. सगळे त्यांना गाडीवाले भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायची. उंच, किंचित पोक आलेला माणूस, खांद्यावर कायम दुपट्टा. आपण काही बोललो की ते अख्खे वळून आपल्या तोंडाकडे टक लावून बघत. पहिल्या आठवड्यात मला त्याचा संकोच वाटला. नंतर लक्षात आलं की ते सगळ्यांकडेच तसं बघतात, म्हाताऱ्यांकडे, पोरांकडे, पोलिसाकडेसुद्धा. स्वतःचं बोलणं मात्र ओरडूनच. "बसा जी बाई!" हे साधे तीन शब्द ते असे म्हणत की रस्त्यापलीकडचा शिंपी मान वर करी.

त्या भागात टेप बसवलेली पहिली जीप त्यांची. टेप साधाच होता, पण स्पीकर त्यांनी बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजमधून आणले होते. सिनेमाच्या तंबूत शेकडो माणसांना पुरणारे ते दोन भोंगे त्यांनी सागवानाच्या खोक्यात बसवले, खोक्याला तांबडं रेक्झिन ठोकलं आणि ते मागच्या दोन बाकांच्या मध्ये ठेवून दिलं. त्यावर गादीचा तुकडा. जीप गच्च भरली की कुणी ना कुणी त्या खोक्यावर बसे.

हॉर्न ते वाजवत नसत. "गाणं वाजूनच राहिलं ना, मंग भोंगा कायले?" त्यांच्या गाडीत बोलायला बंदी होती. दोन माणसं धानाच्या भावावर बोलायला लागली की ते आरशातून बघून दरडावत, "गाडीत बोलाचं नाही, आयकाचं!" एखादी चाल फार आवडली तर तलावाच्या पाळीवर जीप उभी करत, स्टिअरिंगवर हात टेकत आणि गाणं संपेपर्यंत हलत नसत. कोर्टाची तारीख असलेला माणूस हातापाया पडला तरी नाही. गाणं संपलं की मागे वळून म्हणत, "पाहा, आता गेलो तर मन लागते." रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया जीपचा आवाज आला की कमरेवर हात ठेवून ताठ होत. दुपारची फेरी म्हणजे त्यांची शिदोरीची वेळ.

माणूस बघून ते कॅसेट लावत. म्हातारं माणूस दवाखान्यात चाललं असेल तर भजन. सासरी निघालेली नवी मुलगी असली तर काहीतरी हसरं. "रडाचं गाणं तिच्या पोटात हायेच, मी कायले लावू?" असं ते म्हणत. त्या जीपमधल्या कितीतरी गोष्टी मी विसरले, पण भादव्यातली एक सकाळ विसरले नाही. वाटेतल्या एका गावात एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. तिला मागच्या बाकावर आडवं घातलं. सोबत सासू होती. पुढे मी आणि दोन पुरुष, पायदानावर आणखी दोघं. पोरगी वीस-एकवीसची असेल. ती ओठ चावून कण्हत होती, आणि सासू दबक्या आवाजात म्हणत होती, "चूप राह्य, मानसं हायेत." भाऊंनी जीप थांबवली. मागे वळून त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग टेपचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. काचा थरथरायला लागल्या. त्या गोंगाटावर आवाज चढवून ते म्हणाले, "आता बोंबल माय! जेवढं बोंबलाचं तेवढं बोंबल! कोनाले आयकू नाही येत!"

आणि ती ओरडली. तुमसरपर्यंत ओरडत राहिली. आम्हाला फक्त तिचं उघडं तोंड दिसत होतं. त्या दिवशी तो आवाज मला कर्कश वाटला नाही. एखाद्यानं बाईभोवती पडदा धरावा तसा तो वाटला.

एरवी तो सोसत नसे. शाळेत पोचल्यावर दुसऱ्या तासापर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत राही. मी दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं, "भाऊ, थोडं कमी करा ना." ते बटणाला हात लावत, तांदळाच्या दाण्याएवढं फिरवत आणि म्हणत, "येवढं बारीक केलं तर मले आयकूच नाही ये, बाई." मी ते लाडाचं बोलणं समजले. पुढे म्हणायचं सोडून दिलं. माझी पुढची जागा ते कुणाला देत नसत, माझ्यासाठी दोन मिनिटं थांबत. मी गप्प बसले त्याला एवढंसं कारण पुरलं.

शशी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती पाचवीत माझ्या शाळेत आली. बपेऱ्याहून निघताना ती जीपमध्ये बसे आणि बाक उतारूंना लागत म्हणून तांबड्या खोक्यावर बसे. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. सुट्टीच्या दिवशीही ती घरी थांबत नसे, बापाबरोबर फेऱ्या मारी. दोन्ही तळवे खोक्यावर टेकून, डोळे मिटून, मान डोलवत बसलेली ती मला अजून दिसते. "बाई, हे आंगात शिरते," ती म्हणायची. भाऊ आरशातून तिच्याकडे बघत आणि ऊर भरून येऊन मला सांगत, "माह्यावर गेली."

सातवीत तिचं शुद्धलेखन बिघडलं. मी 'पाऊस' सांगावं, तिनं 'पाऊ' लिहावं. 'शेत' सांगितलं तर 'एत'. 'सकाळ'चं नुसतं 'काळ'. हुशार मुलगी मुद्दाम हलगर्जीपणा करते असं मला वाटलं. मी हाक मारी, "शशी!" ती खिडकीबाहेर बघत बसे. मुली हसत. मी तिला भिंतीशी उभं करू लागले. एकदा रागानं म्हणाले, "कानात बोळे घातलेस का ग?" मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, "बाई, तुमच्या घरी दिवसा बी रातकिडे बोलतेत का?" मी म्हणाले, "जा, डबा खा."

दोन माणसांचं आयुष्य त्या प्रश्नात होतं, आणि मी तिला डबा खायला पाठवलं.

पुढे एकदा शिक्षा म्हणून मी तिला अगदी माझ्यासमोर बसवलं. त्या दिवशी तिचे वीसच्या वीस शब्द बरोबर आले. दुसऱ्या दिवशी मला पडसं झालं होतं, मी तोंडावर पदर धरून शब्द सांगत होते. मध्येच मान वर केली तर ती रडवेली होऊन माझ्या पदराकडे बघत होती. वहीत पुन्हा 'पाऊ'. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही पोरगी कानानं नाही, डोळ्यानं ऐकते आहे. आणि त्याच क्षणी मला आठवलं, असं तोंडाकडे बघणारं दुसरं कोण आपल्याला रोज भेटतं.

संध्याकाळी मी भाऊंना सांगितलं. ते मोठ्यांदा हसले. "माही पोरगी? तिले शंभर गाने पाठ हायेत, बाई!" जीपमागे जाऊन त्यांनी तिच्या पाठीमागून हाक मारली. ती हाक इतकी मोठी होती की पानठेल्यावरची माणसंसुद्धा वळली. शशीही वळली. "पाहा," ते म्हणाले. विषय संपला.

महिनाभर ते हे मानायला तयार नव्हते. शेवटी शशीच्या आईनंच गाठ सोडली. एका रविवारी मी मुद्दाम बपेऱ्याला त्यांच्या घरी गेले. ती तांदूळ पाखडत बसली होती. मी बोलले तशी ती सूप खाली ठेवून म्हणाली, "मी तर थकली, बाई. किती बोंबलू? बाप आयकत नाही, अन पोरगी बी आयकत नाही. मले वाटे, हे बापाची सवय उचलून राहिली." मग नवऱ्याकडे वळून तिनं हातवारे करत सांगितलं, "पोरीले नागपूरले न्या. नाही नेलं तर मी नेतो."

आम्ही तिघं नागपूरला गेलो. "डाक्टरची भाषा मले समजत नाही, तुम्ही चला," असं भाऊंनीच मला म्हटलं होतं. कानाचे डॉक्टर शांत, वयस्क गृहस्थ होते. त्यांच्याजवळ एक यंत्र होतं. कानांवर दोन वाट्या बसवायच्या, आतून बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की बोट वर करायचं. शशी घाबरली, वाट्या लावून घेईना. तेव्हा भाऊ पुढे झाले. "आधी माहे पाहा जी, डाक्टरसाहेब. मंग तिचे. पाह्य शशे, काही होत नाही."

ते स्टुलावर बसले, वाट्या लावल्या आणि शशीकडे बघून हसत राहिले. बोट मांडीवरच. डॉक्टर यंत्राचं बटण फिरवत होते, कागदावर खुणा करत होते. पुन्हा फिरवत होते. मिनिटभरानं भाऊ म्हणाले, "सुरू करा ना जी. मी तयार हाओ."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "केव्हाच सुरू केलंय."

मग त्यांनी भाऊंना समोर बसवून, सावकाश, तोंड नीट दिसेल असं विचारत सगळं काढून घेतलं. तरुणपणी भाऊ मँगनीजच्या एका खाणीत ड्रिल चालवत होते. नऊ वर्षं. सुरुंग उडाला की दिवसभर कान बंद पडत, दुसऱ्या दिवशी उघडत. एकदा ते पुरते उघडलेच नाहीत. दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खाण सोडून त्यांनी जीप घेतली, आणि आपल्याला गोड लागेल तेवढ्या आवाजात गाणी लावली. त्यांना बेताचा वाटणारा आवाज आम्हा सगळ्यांसाठी सुरुंगासारखा होता. आम्ही बाकावर बसून जात होतो, उतरत होतो. शशी त्या आवाजावरच वाढत होती.

नंतर शशीची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज आधी जातात. पाखरांचे, पैंजणांचे. अक्षरांत स, श. हिला स्वतःचं नावच नीट ऐकू येत नसणार." कानातले रातकिडे त्याचेच होते. नस मेली की परत येत नाही. आता उरलंय ते जपायचं. त्यांनी छातीवर अडकवायचं, ऐकण्याचं एक यंत्र लिहून दिलं.

बाहेर आल्यावर भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसले. शशी समोर शेंगा विकणाऱ्या बाईकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "बाई, तुम्ही तिले भिताडाशी उभं करत होत्या, अन मी तिले भैरी करत होतो. दोघायलेबी मालूम नव्हतं." त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. त्यांनी मला आपल्या बाजूला बसवून घेतलं होतं, इतकंच. ते मला अधिक लागलं.

घरी गेल्यावर त्यांनी जीपमधला टेप उपटून काढला. दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाऊ नयेत म्हणून दोन्ही भोंग्यांचे पडदे दाढीच्या ब्लेडनं चिरले. शशी रडून रडून बेजार झाली. "माह्यामुळं गाने बंद झाले," एवढंच ती म्हणत होती. तिला कान गेल्याचं दुःख अजून कळलंच नव्हतं. गाणी गेल्याचं कळत होतं. त्या दिवसापासून भाऊ तिला मुनी म्हणायला लागले, कारण ते नाव तिला ऐकू यायचं. तिनं शाळेत मात्र मला शशीच म्हणायला लावलं. छातीवरचं यंत्र मुली ओढून बघत म्हणून ती ते दप्तरात टाकून ठेवी. मी फळ्याकडे पाठ करून बोलायचं सोडलं. शाळा सुटल्यावर तिला तासभर थांबवून शिकवू लागले. दहावीला ती चांगल्या गुणांनी पास झाली.

तिची क्षमा मात्र मी कधी नीट मागितली नाही. एकदाच मागितली. वर्गात आम्ही दोघीच होतो, फळ्यावर तारीख लिहिता लिहिता, तिच्याकडे पाठ करून मी ते शब्द बोलले. तिला ते ऐकू जाणार नाहीत हे मला पुरतं ठाऊक होतं.

मुक्या जीपमध्ये बसायला लोकांना आवडेना. तोपर्यंत त्या रस्त्यावर चार-पाच गाड्या झाल्या होत्या, सगळ्यांत टेप, आणि प्रत्येकाला भाऊंपेक्षा मोठा आवाज हवा होता. तुमसरच्या थांब्यावर भाऊ एकेका गाडीच्या खिडकीशी जात. "बापू, कमी कर गा. पोरं बसून हायेत मांगं." पोरसवदा ड्रायव्हर हसत. "भाऊ, तुम्हीच तर शिकवलं आमाले!" भाऊ मान हलवत आणि पुढच्या खिडकीशी जात. लग्नात भोंग्याजवळ लहान मूल दिसलं की त्याला उचलून लांब नेऊन बसवत. एकदा एका आईला वाटलं, हा माणूस पोर पळवतोय. लोक जमले, दोन थपडाही बसल्या. आधी सगळे त्यांना शौकीन म्हणायचे, आता येडे म्हणू लागले. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली शहाणपणाची वर्षं तीच होती.

शशीचं लग्न ठरलं ते लाखांदूरकडच्या एका शेतकरी घरात. तिचं ऐकणं कमी आहे हे त्यांना आधीच सांगितलं होतं. मुलगा समजूतदार होता, तिच्याशी समोर बसून बोलायचा. भाऊंनी जाहीर केलं, लग्नात वाजंत्री नाही, भोंगा नाही. मी गेले तेव्हा बापलेकीचं तेच भांडण चाललं होतं.

"मले वाजंत्री पाहिजे," शशी म्हणाली.

"तुले आयकू नाही ये माय, कायले पाहिजे?"

"मले पोटात आयकू येते. साऱ्या पोरीयच्या लग्नात वाजते. माह्याच लग्नात काहून नाही?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. त्यांनी बॅन्ड ठरवला.

भर दुपारचं लग्न. अक्षता पडल्या आणि बॅन्ड सुरू झाला. शशीनं एक हात पोटाशी धरला आणि ती हसली. ती खोक्यावर बसायची त्या दिवसांनंतर इतकं मनापासून हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. भाऊ मात्र मांडवात दिसेनात. जेवणं उरकली, पाठवणीची वेळ झाली, तशी मी त्यांना शोधत घरामागे गेले. धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून, दोन्ही कानांवर तळवे दाबून, डोळे मिटून ते बसले होते. बॅन्ड थांबून चांगला अर्धा तास झाला होता.

मी त्यांच्या मनगटाला हात लावला.

"बंद झालं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी हात खाली घेतले. "हात लावले का नाही लावले, मले सारखंच हाये, बाई. पन लावले तर वाटते, आपन काहीतरी केलं."

मांडवाबाहेर वराकडची जीप उभी होती. शशी आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली, आणि शेवटी बापासमोर उभी राहिली. भाऊंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. ती काहीतरी म्हणाली, ते काहीतरी म्हणाले. शशीची आई आणि मी दोन हातांवर उभ्या होतो, आम्हाला नुसते ओठ हललेले दिसले. मग ती जीपमध्ये बसली, मागच्या बाकावर, खिडकीशी.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि टेप लावला. लग्नाची गाडी, त्यानं आवाज सगळाच सोडला. भाऊंना तो ऐकू आला नसेल, पण त्यांनी मागची काच थरथरताना पाहिली. दुपट्टा खांद्यावरून गळून पडला आणि ते धावायला लागले. "अरे कमी कर! आवाज कमी कर रे! पोरगी बसून हाये माही!" साठीकडे झुकलेला माणूस, अनवाणी, तलावाच्या पाळीपर्यंत त्या जीपमागे ओरडत धावत गेला.

गाडीतल्या कुणाला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. शशीनं मागे वळून पाहिलं. बाप आपल्यासाठी धावत येतोय एवढंच तिला दिसलं. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली.